टेकूचा सदतिसावा अंक

३ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील. तरी उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आता अर्धं तरी वाच, मग फाड. सव्वीस वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही आणि आज लिहितेय तेही मायेपोटी वगैरे नाही, कामासाठी. माया कुठे जात नाही म्हणा, पण तिच्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे जी ग्रंथपाल बाई येऊन गेली, ती माझ्याकडेही आली. मुलांच्या वाचनालयात काम करते. चष्मा नाकाच्या टोकावर, प्रश्न जिभेच्या टोकावर. तिला आपल्या टेकूच्या चित्रकथेचा इतिहास लिहायचाय. हसू नकोस. आधी मीही हसले. मग तिनं पिशवीतून अंक काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडले. सदतीसपैकी एकतीस अंक हिनं रद्दीच्या दुकानांतून, लोकांच्या माळ्यांवरून आणि एका न्हाव्याच्या बाकाखालून जमवलेत. दादा, माझ्याकडेसुद्धा एवढे नाहीत.

तू तिला म्हणालास म्हणे, "त्या विषयावर मी बोलत नाही. चहा घ्या." चहा उत्तम होता, असं तिनं वहीत लिहून ठेवलंय. बाकी पान कोरं. म्हणून सगळं मलाच सांगावं लागलं. काय सांगितलं ते लिहिते, चुकलं असेल तर मनातल्या मनात दुरुस्त कर.

मी सांगितलं की आमच्या छापखान्यात खरं काम साबणाच्या वेष्टनांचं. मुलांचं मासिक ही मालकांची हौस. एका महिन्यात एका लेखकाची गोष्ट आलीच नाही आणि चार पानं कोरी राहिली. मालक म्हणाले, "चित्रकार, एखादा वीर काढा. दंड असे, छाती अशी." तू दंड काढायला घेतलेस. तेव्हा कोपऱ्यात प्रूफं तपासणारी बाई मान वर न करता म्हणाली, "ठोसे मारणारे पायलीचे पन्नास मिळतात. पडणारं धरून ठेवणारा एक तरी काढा की." ती बाई म्हणजे आपली वहिनी. तेव्हा ती तुला 'चित्रकार' म्हणायची, तू तिला 'अहो बाई', आणि तुम्हा दोघांना वाटायचं की मांजर डोळे मिटून दूध पिते ते कुणाला दिसत नाही.

टेकू म्हणजे साधा गवंडी. पडत्या भिंतीखाली उभा राहिला आणि भिंत पडली नाही. भिंत असो, पूल असो, टेकू खाली उभा राहिला की ते थांबतं. पण त्यानं पाय हलवायचा नाही. एक पाऊल उचललं की सगळं बळ गेलं. म्हणजे तो धरणार, आणि पळापळ करायची ती पोस्टमननं, शिंपिणीनं, शाळेतल्या मास्तरांनी. शत्रू एकच, ढकलराव, ज्याचा जन्म ढकलण्यात गेला. कुणी कुणाला मारत नाही, म्हणून मुलांनी अंक फार घेतले नाहीत. ज्यांनी घेतले त्यांनी मात्र जपून ठेवले.

आणि त्याच्या कपड्यांचा रंग! ग्रंथपाल बाईनं त्यावर दोन पानं टिपणं काढली होती. एका अंकात टेकू हिरवा, पुढच्यात जांभळा, मग एकदम गुलाबी. यात काहीतरी खोल अर्थ असणार, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "अहो, साबणाच्या वेष्टनांची उरलेली शाई हो. गुलाबाचा साबण छापला की टेकू गुलाबी." बिचारीचा चेहरा पडला. मग वहिनीनं एका वाचक मुलीला दिलेलं उत्तर मी तिला सांगितलं: 'टेकूला शिवून दिलेला पोशाख नाही. जे वाळलं असेल ते घालतो.' ते तिनं लगेच लिहून घेतलं.

माझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, पात्रांच्या तोंडापाशी बोलण्याचे फुगे असतात ना, त्यातली अक्षरं माझी. गोष्ट वहिनीची, चित्र दादाचं, अक्षर माझं. घरातल्या घरात सगळा कारभार.

शेवटी तिनं विचारलं, "सदतिसाव्या अंकानंतर टेकू बंद का झाला?" मी सांगितलं, जे इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय तेच. वहिनी आजारी पडली, मालकांनी तिचा मजकूर बदलायला लावला, चित्रकाराला ते सहन झालं नाही, तो सोडून गेला. तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला. निघताना दारात म्हणाली, "मालक आता हयात नाहीत. असते तर त्यांचीही बाजू घेतली असती." ती गेली आणि मी पत्राचा कागद शोधायला घेतला.

ठमी

१२ मार्च

दादा,

मालकांनी काही सांगितलं नव्हतं.

हे एक वाक्य लिहायला नऊ दिवस लागले. आता सुटलंय तर पुढचंही ऐक.

तो दिवस तुला आठवत असेल, मला तर तो पाठच आहे. छापखान्याचा वरचा मजला, खिडकीशी माझं उतरतं टेबल. खाली यंत्रं चालू होती, त्यामुळे तुझी पावलं ऐकू आली नाहीत. तू दवाखान्यातून आला होतास, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. सदतिसाव्या अंकाची पानं छापून झाली होती आणि मूळ चित्रं माझ्या टेबलावर परत आली होती. तू ती एकेक उचललीस. वाचलीस. शेवटचं पान उलटंसुलटं केलंस. मग विचारलंस, "हे कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मालकांनी."

मालक पंधरा पावलांवर त्यांच्या काचेच्या खोलीत बसून पेरू खात होते. तू त्या खोलीकडे वळलासही नाहीस. एका स्वल्पविरामासाठी मालकांशी तासभर भांडणारा माणूस तू, सरळ जिना उतरून गेलास. मी किती वर्षं विचार केला की तू भांडला का नाहीस. तेव्हा वाटलं, सुटले. सुटले कसली.

आठवड्यानं मालकांनी मला बोलावून विचारलं, "चित्रकार येत का नाही? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "वहिनींची तब्येत." म्हणजे तुला एक थाप, त्यांना दुसरी. दोघांनाही अंधारात ठेवलं आणि मीही अंधारातच राहिले. ते काही देवमाणूस नव्हते, दादा. दिलेला शब्द आठवड्यात विसरायचे आणि शिंकले की छपाई बिघडायची. पण तुझं टेबल त्यांनी वर्षभर कुणाला दिलं नाही. ब्रश वाळू नयेत म्हणून स्वतः धुऊन ठेवायचे. आणि आता पुस्तकात छापून येणार की या माणसानं एका आजारी बाईचे शब्द खोडायला लावले.

वहिनी गेली तेव्हा मी आले होते. तू मला पाण्याचा पेला दिलास. मी पाणी प्यायले आणि परत आले. तेव्हा सांगायला हवं होतं. लोक होते, म्हणून नाही सांगितलं. मग लोक गेले आणि सांगायची वेळही गेली.

तू विचारशील, मालकांनी सांगितलं नव्हतं तर शब्द बदलले कुणी आणि का. इतकं लिहून मी पेन खाली ठेवलं, आणि आता पुन्हा उचलत नाही. माझ्यात एवढाच दम आहे.

ठमी

२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. बरं आहे. उत्तर आलं असतं तर मी पुढचं लिहिलं नसतं.

आपली पद्धत आठव. वहिनी गोष्ट वेगळ्या कागदांवर लिहायची. ती वाचून तू चित्रं काढायचास आणि फुगे आखायचास. कुठल्या फुग्यात किती ओळी बसतील ते मला कळावं म्हणून तू फुग्यांत पेन्सिलीनं रेघोट्या मारून ठेवायचास, गांडूळ चिखलातून गेल्यासारख्या. पानं माझ्याकडे आली की मी पहिलं काम करायचे ते रबर घेऊन फुगे साफ करण्याचं, कारण पेन्सिलीवर माझी शाई फुटायची. फुगे स्वच्छ झाले की वहिनीचे कागद शेजारी ठेवून अक्षरं लिहायची. छत्तीस अंक असेच झाले. हात आपोआप चालायचा.

वहिनीचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा मी दवाखान्यात एकदा आले. एकदाच. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होती आणि घशातून नुसता आवाज येत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून नीट करणारी बाई, आणि तिला स्वतःचा एक शब्द नीट करता येईना. मला ते बघवलं नाही. मी बाहेर येऊन रडले आणि घरी गेले. पुढचे तीन आठवडे अंकाच्या कामाचं निमित्त सांगितलं. तुला कळलं असणार.

मी आले असते तर मला दिसलं असतं. तू रोज चित्रं दवाखान्यात नेत होतास, पलंगावर जेवणाचं ताट ठेवायची फळी असते तिच्यावर कागद मांडत होतास, आणि वहिनी डाव्या हातानं थेट फुग्यांत लिहीत होती. रोज दोन फुगे, तीन फुगे. हे मला दवाखान्यातल्या आयाबाईनं सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर.

तू पाकीट दरवानाकडे ठेवून घाईनं परत गेलास. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी कशाला लागते, बहीण आहे, बघेल, असं तुला वाटलं असेल. मी पाकीट उघडलं, पानं मांडली आणि रबर उचललं.

दादा, ते शब्द आहेत हे मला कळलंच नाही. डाव्या हाताची थरथरती, वाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं. मला त्या तुझ्या रेघोट्या वाटल्या. इतकंच मनात आलं की तुझाही हात आता थकलाय. सात पानं साफ केली. सकाळचं ऊन टेबलावर होतं आणि मी चक्क गुणगुणत होते. चुरा फुंकरून टाकत होते.

आठव्या पानाच्या शेवटच्या फुग्यावर रबर अर्धं फिरलं आणि मी थांबले. तिथे वर एक आडवी रेघ होती आणि तिला लटकलेलं एक अक्षर. रेघोट्यांना शिरोरेषा नसते.

मग मी पाकीट झटकून बघितलं. वहिनीचे कागद नव्हते. नसणारच. तीन आठवड्यांचा तिचा श्रम माझ्या टेबलावर चुरा होऊन पडला होता, आणि थोडा माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी पानं यंत्रावर चढायची होती. दुपारभर बसून मी स्वतःच शब्द रचले. टेकूच्या तोंडी घोषणा घातल्या. आणि तू आलास तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही. कुणाचं तरी ऐकून बदललं म्हटलं तर मी नुसती भित्री ठरणार होते. न वाचताच खोडलं म्हटलं तर मी कोण ठरले असते? जिला वहिनीचं अक्षर ओळखता आलं नाही ती. भित्री ठरणं त्या मानानं स्वस्त वाटलं.

ठमी

२ एप्रिल

दादा,

आज रडगाणं नाही, आज बातमी आहे.

त्या अंकाची मूळ चित्रं माझ्याकडे आहेत. छापखाना बंद झाला तेव्हा मी ती घरी आणली आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवली. कधी काढून बघितली नाहीत. ग्रंथपाल बाईला अर्थातच याचा पत्ता नव्हता. गेल्या सोमवारी काढली. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यातला अजून पिकतोय, म्हणून कागद खिडकीशी नेला आणि नेताना तो हातात उलटा आला.

मागच्या बाजूवर बोट फिरलं आणि बोटाला काहीतरी लागलं.

वहिनी डाव्या हातानं लिहिताना किती जोर लावत असेल! रबरानं पुढची पेन्सिल गेली, पण कागदावर पडलेला दाब तसाच राहिला. मागे अक्षरं उठलीत, उलटी. मी आरसा आणला. तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा असतो ना, त्यातला छोटा आरसा. उन्हात कागद तिरका धरायचा, आरशात बघायचं आणि बोटानं चाचपायचं. पहिला शब्द लागायला पाऊण तास गेला. तो शब्द होता 'बसा'. मी 'बसा' वाचलं आणि खरंच मटकन खाली बसले.

आता रोज सकाळी ऊन खिडकीत असेपर्यंत हेच करते. सात पानं लागली. ऐक.

पाण्याची मोठी टाकी कलतेय, टेकू खाली उभा आहे, आणि तू गावातली माणसं खुर्च्या घेऊन येताना काढली आहेस. मी तेव्हा डोकं खाजवलं होतं की टाकी पडतेय आणि ही माणसं खुर्च्या कसल्या आणतात. आता वहिनीचे शब्द वाच.

पोस्टमन म्हणतो: "टेकू, पाय दुखतात का?"

टेकू: "दुखतात. पहिल्या अंकापासून दुखतात. विचारलं तू पहिल्यांदा."

शिंपीण: "मग आज आम्ही पळायचं नाही?"

टेकू: "आज बसा."

पुढच्या पानावर मास्तर त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि तो म्हणतो, "हवामान राहू द्या, वधूवरांच्या जाहिराती वाचा." ढकलराव येतो, ढकलून ढकलून दमतो, आणि शेवटी शिंपीण त्यालाही खुर्ची देते. तो विचारतो, "मी बसलो तर माझ्या नावाचं काय?" दादा, मी खिडकीशी एकटी बसून खो खो हसले. शेजारीण दार वाजवून बघून गेली की म्हातारीला काय झालं.

आणि या सगळ्याच्या जागी मी काय लिहिलं होतं आठवतंय? 'पळा! पळा! टेकू असताना भिता कशाला!!!' तीन उद्गारचिन्हं. चित्रात माणसं आरामात खुर्च्यांवर बसलेली आणि टेकू त्यांना पळा म्हणतोय. एका मुलानं मासिकाला पत्र पाठवलं होतं, 'टेकूला कमी दिसायला लागलं आहे काय?' ते पत्र मीच उघडलं आणि मीच फाडलं.

तिला सगळं सुचत होतं. वाचा गेली होती, पण विनोद शाबूत होता. आम्हाला वाटत होतं की ती संपली आणि ती तिथे पडल्या पडल्या ढकलरावाला खुर्ची देत होती.

ग्रंथपाल बाईला मी बोलावून घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. मालकांवरचं वाक्य तिनं माझ्यासमोर आडवी रेघ मारून खोडलं. मला म्हणाली, "तुमच्याबद्दल काय लिहू?" मी म्हटलं, "झालं ते लिहा." सदतिसावा अंक आता वहिनीच्या शब्दांत पुन्हा छापायचा, असं तिनं ठरवलंय. तू नाही म्हणालास तर नाही. चित्रं तुझी आहेत.

ठमी

९ एप्रिल

दादा,

हे शेवटचं. खरं म्हणजे हेच पहिलं लिहायला हवं होतं, पण माणूस कडू गोळी शेवटी घेतो.

२१ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की शेवटच्या फुग्यावर रबर अर्धं फिरलं आणि मी थांबले. ते खरं आहे. थांबले. पण नंतर काय केलं ते लिहिलं नाही.

त्या फुग्यात अर्धी ओळ शिल्लक होती. वाचता आली असती. ती वाचली असती तर मला काय झालंय ते कबूल करावं लागलं असतं, धावत दवाखान्यात यावं लागलं असतं, वहिनीच्या पलंगाशी उभं राहून सांगावं लागलं असतं की तुमचं सगळं मी पुसलं, पुन्हा लिहा. तिनं लिहिलंही असतं. आज मला माहीत आहे की लिहिलं असतं. तेव्हा मी काय केलं? मान वळवली आणि उरलेली अर्धी ओळ खोडली. बघून, समजून, न वाचता. वाचली असती तर खोडता आली नसती. इतक्या जोरानं खोडली की कागद फाटला. मग मागून ठिगळ लावलं आणि पुढून पांढरा रंग.

पहिल्या सात पानांवर माझी चूक झाली. आठव्या पानावर मी गुन्हा केला. इतकी वर्षं मी स्वतःलाही चूकच सांगत आले, गुन्ह्याचं नाव काढलं नाही.

परवा ते ठिगळ वाफ देऊन सोडवलं. खाली नुसत्या कागदाच्या चिंध्या आहेत. तिथे बोटाला काही लागत नाही. खूप बघितलं. आरसा ठेवला, भिंग ठेवलं, डोळे मिटून बघितलं. नाही.

बाकी सगळा अंक परत मिळाला. टेकूचं शेवटचं वाक्य तेवढं नाही. तू काढलेलं शेवटचं चित्र माझ्यासमोर आहे. टाकी, तिच्याखाली टेकू, भोवती बसलेली माणसं, आणि तो त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणतोय. त्याच्या तोंडापाशी भोक आहे.

पुस्तक महिनाअखेरीस छपाईला जातं. ग्रंथपाल बाई म्हणाली, तो फुगा कोरा ठेवू. मी बरं म्हटलं. पण ती लिहीत होती तेव्हा तू तिथे होतास. तुला ते वाक्य आठवत असेल, किंवा नसेल. मी माफी मागत नाही, ती मागायची लायकी राहिली नाही. त्या चार-दोन शब्दांची भीक मागते. वहिनीची वस्तू आहे, तिच्या जागी परत जाऊ दे. एका कार्डावर नुसतं वाक्य लिहून पाठव. खाली नाव घातलं नाहीस तरी चालेल.

ठमी

१७ एप्रिल

ठमे,

तुझी पाचही पत्रं मिळाली. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे उशीर झाला असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. उशीर मी केला.

तू खोडलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शेवटचं पान उलटलं तेव्हा ठिगळ दिसलं. कागद आपणहून कसा फाटतो आणि माणूस कसा फाडतो, एवढं मला समजतं. म्हणून मालकांकडे गेलो नाही. "कुणी सांगितलं?" असं विचारलं ते तू खरं बोलावंस म्हणून. आणि मी सरळ निघून गेलो नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. वाटलं, येशील मागे. दवाखान्यात भेटायची वेळ झाली तेव्हा उठलो.

मग तो हट्ट झाला. हट्ट जुना झाला की घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा होतो, त्याला ऊठ म्हणता येत नाही.

तुझ्या वहिनीला अंक दाखवावा लागला. रोज दाराकडे बोट करून विचारायची. शब्द मी बदलले असं सांगितलं. ती तुझ्यावर रागावली असती तर समजूत काढायला तू यायची नव्हतीस. मी तिथेच होतो. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलताच येत नसताना माणूस अबोला कसा धरतं ते तेव्हा बघितलं. पाचव्या दिवशी तुझं ते 'पळा! पळा!' पुन्हा वाचलं, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांवर बोट ठेवलं आणि इतकी हसली की नर्स धावत आली. जाईपर्यंत तो अंक उशाशी होता. कधीही उघडायची आणि तेच पान काढायची. हे तुला मी तेव्हाच कळवायला हवं होतं. तुझी चूक म्हण, गुन्हा म्हण, एका दिवसाचा. माझा सव्वीस वर्षांचा.

शेवटचा फुगा तिनं लिहिला तेव्हा मी फळी धरून बसलो होतो. चार शब्दांना अख्खी सकाळ लागली. टेकू सगळ्यांकडे बघतो आणि म्हणतो,

"आता जरा मला धरा."

लिहून झाल्यावर पेन्सिल ठेवली आणि हात माझ्यापुढे केला.

फुगा कोरा ठेवू नका. फाटलेल्या जागी नवा कागद मी बसवतो, अक्षर तू लिही. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं येतोय. तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे असं ती ग्रंथपाल म्हणाली. मला आता जिने चढवत नाहीत. खालच्या पायरीवर बसेन. या वेळी ये.

दादा